चुलीपाठची भिंत

रिहे गावात रंभाबाईशी कुणी उगाच बोलायला जात नाही. काही विचारलं तर ती आधी विचारणाऱ्याच्या चपलांकडे बघते, मग तोंडाकडे, आणि उत्तर देते ते भिंतीपलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात. भिंतीपलीकडे गंगूबाई राहते, तिची थोरली जाऊ.

दोघींचं भांडण भिंतीपेक्षा जुनं आहे. सासू गेली त्या वर्षी भावाभावांनी घराची वाटणी केली आणि स्वयंपाकघराच्या मधून कच्च्या विटांची भिंत घातली. ती चुलीच्या अगदी पाठीला लागून गेली. चूल थोरलीच्या वाट्याला आली, पूर्वेची खिडकी धाकटीच्या. रंभाबाईचा नवरा म्हणाला, चुलीचं काय, दुसरी घालू. दुसरी काही घातली गेली नाही. पुढे मुलगा किशोर उरवड्याच्या कारखान्यात लागला आणि घरात गॅस आला. तरी थोरलीनं आपली चूल लबाडीनं घेतली, हे रंभाबाईच्या मनातून गेलं नाही. नवरा वारला तेव्हा गंगूबाई पिठलं-भाकरी घेऊन दारात आली होती. रंभाबाईनं ताट तसंच परत पाठवलं. माझ्याच चुलीवरचं मला वाढू नको, असा निरोपही दिला.

सासूकडून आपल्याला एकच गोष्ट मिळाली असं ती मानते. मिरचीचं बी. आखूड, जाड सालीची मिरची, वाळल्यावर काळपट लाल, चिमूटभर घातली तरी कालवणाला पुरणारी. बी खरं तर दोघींनाही मिळालं होतं. गंगूबाईचं एका पावसाळ्यात मडक्यातच बुरशी येऊन गेलं. तेव्हापासून ती पौडहून मिरची आणते, आणि मसाला करून आणला की पहिल्या घासाला त्या मिरचीला शिव्या घालते. जावेकडे तिनं बी मागितलं नाही. मागितलं असतं तरी मिळालं नसतं, हे दोघींना ठाऊक होतं.

ही मिरची पावसाआधी लाल होऊन वाळायला हवी. त्यासाठी रोप होळीच्या सुमाराला वावरात जायला हवं, आणि म्हणून बी ऐन थंडीत रुजायला हवं. रिह्याच्या खोऱ्यात पौषातली थंडी डोंगरावरून उतरून येते ती उन्हं चांगली वर येईपर्यंत हलत नाही. उघड्यावर टाकलेलं बी अशा थंडीत डोळाच उघडत नाही. रंभाबाई ते ओल्या फडक्यात बांधून कमरेला खोचते. अंगाच्या उबेवर मोड आला की त्याला मातीत घालते. मातीसाठी डबे असतात ते फार्महाऊसवाल्यांनी टाकून दिलेले, आइस्क्रीमचे. दिवसा डबे खिडकीतल्या उन्हात, आणि तिन्हीसांजेला भिंतीलगतच्या फळीवर, वरून गोणपाट. पलीकडे गंगूबाईची चूल दोन्ही वेळा पेटते. विटा तापतात, आणि त्यांची ऊब पहाटेपर्यंत इकडे पाझरत राहते. कैक हिवाळे हे असं चाललं होतं आणि पलीकडे त्याचा पत्ता नव्हता.

तो पत्ता रंभाबाईनंच दिला.

गेल्या पौषात कोंबड्यांवरून सुरुवात झाली. गंगूबाईची कोंबडी इकडच्या अंगणात येऊन सारवलेलं उकरून गेली. त्यावरून विषय पोरांवर गेला, पोरांवरून नवऱ्यांवर. गंगूबाई म्हणाली, "तुज्या घरात जगलंय काय? गाय न्हाई जगली, नवरा न्हाई जगला."

अशा वेळी गप्प बसणं रंभाबाईला येत नाही.

"जगतंय की. तुज्याच लाकडावर जगतंय," ती म्हणाली. "तू तितं फुंकणी फुकून डोळं फोडतीस, आन् हितं माजी रोपं शेकत्यात. इतकी वरसं मोलकरणीवानी माजी चूल पेटवतीस, कळलं बी न्हाई तुला."

आत भांडी घासणाऱ्या सुनेनं, स्नेहलनं, ते ऐकलं आणि राखेचा हात तसाच कपाळाला लावला.

दुसऱ्या दिवशी गंगूबाईची चूल अंगणात आली. तीन दगड, वाऱ्याच्या बाजूला पत्रा. मफलर गुंडाळून, धुक्यात खोकत ती भाकऱ्या भाजत होती. नवऱ्याच्या अंघोळीचं पाणीही तिथंच तापत होतं. तोंडावर मात्र लग्नघरातल्यासारखा उत्साह होता.

रंभाबाईनं आधी पर्वा नसल्याचं दाखवलं. मग गोणपाटावर घोंगडी आली. किशोरला तिनं जुन्यासारखा तापणारा पिवळा बल्ब आणायला पाठवलं. तो पिरंगुटपर्यंत फिरला. जो मिळाला तो लख्ख उजेडाचा, पण जवळ हात धरला तर गार. डब्यांच्या मधे गरम पाण्याच्या बाटल्या ठेवल्या, त्या आकसून वाकड्या झाल्या आणि पहाटेपर्यंत मातीहून थंड पडल्या. घमेल्यात निखारे ठेवले तर स्नेहलचा जीव घुसमटला आणि जवळची रोपं एका अंगानं करपली. भिंतीला हात लावला की तळव्याला ओला गारवा लागायचा. रोपं दुसऱ्या पानावरच थांबली. मग काहींची बुडं काळी पडली आणि ती मातीवर आडवी झाली.

राखून ठेवलेलं बी नव्हतं. मागचं पीक पानं मुरडून रोगानं गेलं होतं. जे मूठभर हाताला लागलं ते सगळं तिनं पेरलं होतं. ही रोपं गेली की सासूची मिरची संपली.

स्नेहल लातूरकडची. भांडणात मागं न वळण्याची इथली रीत तिला अजून उमगत नाही. मी जाऊन त्यांच्याशी बोलते, असं ती सासूला म्हणाली. गेलीस तर परत ह्या दारात येऊ नको, असं रंभाबाईनं सांगितलं.

शेवटी बोलणं पलीकडूनच आलं. अंगण झाडता झाडता गंगूबाई सामाईक पायरीपर्यंत आली आणि खराट्यावर रेलून म्हणाली, "स्नेहल, तुज्या सासूला इचार. चूल आत न्हेते. पर निम्मी रोपं माजी."

"मरूंद्यात रोपं," आतून आवाज आला.

"मरूंद्यात की. मी बाजारची खातीया, तू बी खा."

तो सगळा दिवस रंभाबाई डब्यांपाशी बसून होती. आडव्या झालेल्या एका रोपाला तिनं काडीचा टेकू दिला. ते काडीच्या दुसऱ्या बाजूनं कलंडलं. तिनं काडी मोडली. संध्याकाळी सुनेला हाक मारून, तिच्याकडे न बघता म्हणाली, "जा, सांग. निम्मी. पर लावणीला आल्यावर. आन् लाकडं वाळकी घाल म्हणावं, वल्ली घालून फसवू नको."

चूल आत गेली. थंड पडलेल्या भिंतीला तापायला वेळ लागला. मग मात्र गंगूबाईनं गुऱ्हाळासारखा जाळ लावला. गरज नसताना हुलगे शिजले, शेंगा भाजल्या गेल्या. आता तिचंही त्यात काही होतं. रोज सकाळी ती खिडकीशी येऊन आत डोकवायची आणि माझी रोपं बघू दे म्हणायची. रंभाबाई डब्यांवर पदर धरायची. तुझी कोणती ते अजून ठरायचंय, म्हणायची. पाणी जास्त घालतेस, असं गंगूबाई म्हणाली तर रंभाबाई तिच्यादेखत आणखी एक तांब्या भरून घ्यायची आणि ती गेल्यावर परत हंड्यात ओतायची. उरलेली रोपं हळूहळू पानं फोडत राहिली.

होळीच्या अलीकडे वाटणी झाली. अंगणात दोन गोणपाटं अंथरली. दोघींचा एकमेकींच्या हातावर विश्वास नव्हता, म्हणून रोपं स्नेहलनं काढायची असं ठरलं. एक इकडे, एक तिकडे. लहान-मोठ्यावरून मधेमधे अडायचं, रोप परत डब्यात जायचं, दुसरं निघायचं. ऊन चढलं तशी पानं सुकायला लागली, तरी कुणी घाई केली नाही.

शेवटी एक रोप उरलं.

गंगूबाईनं हात पुढं केला. "माज्या लाकडावर जगलंय."

"बी माजं हाय," रंभाबाई म्हणाली.

मधोमध पायरीशी लावू, दोघींनी पाणी घाला, असं स्नेहल म्हणाली. दोघींनी तिच्याकडे सारख्याच नजरेनं पाहिलं. मग रंभाबाईनं सुनेच्या तळहातावरून ते रोप उचललं, उजेडात धरून नीट बघितलं, आणि अंगठ्याच्या नखानं मानेपाशी खुडून टाकलं.

"झालं बराबर," ती म्हणाली.

गंगूबाईनं मान हलवली. तिला ते पटलं होतं. मग दोघींनी आपापल्या गोणपाटाची टोकं धरली, आणि दुसरी आधी उठते का ते बघत बराच वेळ तशाच बसून राहिल्या.