आम्ही रद्द केलेला रस्ता

मी तेव्हा नाशिकच्या कडेला, झेंडूची शेतं सुरू होतात तिथल्या एका शाळेत भूगोल शिकवायचे. नवं शतक नुकतंच लागलं होतं. पाणलोट क्षेत्राची व्याख्या नववीच्या मुली घडाघडा म्हणून दाखवायच्या. पण शाळेच्या छपरावरचं पाणी कुठं जातं असं विचारलं की सगळ्या एकसुरात सांगायच्या, "खाली."

त्या वर्षी एका प्रशिक्षणातून मला जीपीएस यंत्र आणि नकाशे करायची सीडी मिळाली. मी ठरवलं, शाळेमागच्या नाल्याचा नकाशा मुलींनीच करायचा. ज्या उतारांचं पाणी नाल्यात येतं त्यांच्या माथ्यामाथ्यानं चालायचं, ठिकठिकाणी यंत्रावर नोंद घ्यायची आणि शाळेत येऊन ती कॉम्प्युटरवर चढवायची. विज्ञानाचे सर सोबत आले. यंत्र ते ओंजळीत धरून चालत, जणू आत तीर्थ आहे. नोंद घेतली तिथं खूण हवी म्हणून त्यांनी मैदान आखायची पांढरी फक्कीही बरोबर घेतली होती.

ती फक्की आम्हाला नडली.

फुलं तोडणाऱ्या एका काकूंनी बांधावरचा पांढरा ठिपका पाहिला आणि विचारलं, "मॅडम, किती फुटी हाय?"

"काय?"

"रोड."

मी सांगितलं, रस्ता नाही, पाणी कुठून कुठं वाहतं ते बघतोय. काकू समजूतदारपणे हसल्या. "नका सांगू. तुम्हाला वरून हुकूम असंल."

आमच्यापेक्षा बातमी जोरात चालली. पुढच्या मळ्यात आम्हाला खाटेवर बसवून चहा दिला. त्याच्या पुढच्या मळ्यात एका दादांनी सरांना बाजूला घेऊन विनंती केली, "ठिपका जरा पलीकडं सरकवा की. तिकडं भावाचं रान हाय."

दुसऱ्या दिवशी शाळेच्या फाटकाशी ही गर्दी! मोठ्या बाईंनी मला बोलावून घेतलं. "तुम्ही मुलींना नक्की काय शिकवताय?"

मी म्हटलं, सगळ्यांना नकाशाच दाखवते. आमच्या कॉम्प्युटर रूममध्ये जाजम होतं आणि चपला बाहेर काढाव्या लागत. त्यामुळे मंडळी देवळात यावीत तशी आली. एका आजोबांनी तर मॉनिटरला हात जोडले. नकाशा उघडायला भरपूर वेळ लागला, तोवर कोणी खोकलंसुद्धा नाही. शेवटी पडद्यावर निळी रेघ उमटली.

"हाच का रोड?" ठिपका भावाच्या रानात सरकवायला सांगणाऱ्या दादांनी विचारलं.

"तो नाला आहे," सर म्हणाले.

"मग रोड कुठंय?"

"रोड नाहीये."

"म्हंजी रद्द झाला?"

सर सकाळपासून हेच समजावत होते. त्यांचा घसा बसला होता. ते म्हणाले, "हो. झाला."

खोलीत आनंदीआनंद झाला. काकूंनी मला कडकडून मिठी मारली. "मॅडम, तुमच्यामुळं वाचली वो आमची फुलं!" दादा तेवढे हिरमुसले; भावाचं रानही वाचलं होतं.

एवढ्यात आमच्या वर्गातली एक धीट मुलगी पुढं झाली. नकाशा दाखवायची तयारी तिनं केली होती आणि ती वाया जाऊ द्यायला ती तयार नव्हती. पडद्यावर पट्टी टेकवून ती खणखणीत आवाजात सांगू लागली. "हा माथा. याच्या अलीकडं पडलेला प्रत्येक थेंब या नाल्यात येतो आणि पुढं गंगेला, म्हणजे गोदावरीला मिळतो. हा तपकिरी ठिपका म्हणजे दादांचा उकिरडा. पावसाळ्यात त्याचं पाणी इथून, इथून आणि इथून जातं." पट्टी काकूंच्या शेतावर थांबली.

काकू पडद्याजवळ सरकल्या. मग वळून दादांना म्हणाल्या, "तरीच! तरीच माझ्या पायरीला दर पावसात घाण येऊन लागती!"

"आता पाणी काय मला विचारून जातं का?"

"तू उकिरडा माझ्या डोक्यावर घातला तो विचारून घातला का?"

भांडण इतकं रंगलं की मोठ्या बाईंनी मधल्या सुट्टीची घंटा आधीच वाजवायला लावली. मी मात्र आतून खूश होते. इतकी वर्षं शिकवत होते, पण हा धडा असा कोणाच्या जिवाला लागलेला मी कधी पाहिला नव्हता.

दादा तसे मनाचे सरळ होते. पावसाळ्याच्या आधी त्यांनी उकिरडा खरंच हलवला. काकूंनी शाळेत झेंडूची करंडी पाठवली. सगळ्या मुलींनी फुलं माळली आणि सरांच्या गळ्यात हार पडला.

मग ती धीट मुलगी माझ्या टेबलाशी आली. "मॅडम, मी जाऊन बघून आले. दादांनी उकिरडा माथ्याच्या पलीकडं नेलाय."

"मग?"

"मग तो आता दुसऱ्या पाणलोट क्षेत्रात आला ना. तिकडंही लोक राहतात."

मी सरांकडं पाहिलं. त्यांनी घाईघाईनं गळ्यातला हार काढून ठेवला.