उंबऱ्याबाहेरचा शब्द

आमिसच्या लग्नात बैल सुटला आणि तिथूनच सगळा घोळ झाला. ऑर्बी गावानं अकरा वर्षं त्यावर हसून घेतलं. मी, सॅबिना, तिची शेजारीण आणि त्या दिवशीची पाठराखीण. मला मात्र कधी हसू आलं नाही.

आमच्याकडे नवऱ्यानं चर्चच्या दारात, उंबऱ्याबाहेर उभं राहून, सगळ्यांदेखत सांगायचं असतं की मी गेल्यावर हिला काय मिळणार. आत शिरल्यावर काढलेला शब्द जहागीरदाराच्या कचेरीत कुणी धरत नाही. आमिसचा नवरा हॅमो दारात तोंड उघडतो न उघडतो तोच गिरणीवाल्याचा बैल कबरींवरून डुरकत आला. पाद्रीनं आम्हाला मेंढरांसारखं आत ढकललं आणि तिथंच लग्न उरकलं. हॅमो बिचारा सगळं बोलला: घर, नदीकाठचं शेत, दारूची पिंपं. पण आत.

आमिस जवाची दारू करायची. तिच्या हाताची चव आसपास कुणाला नव्हती. पण लग्नापासून तिचा पाय घरात ठरला नाही. जव ढवळता ढवळता उठायची, दाराशी जायची, परत यायची, पुन्हा उठायची. बघणाऱ्याला घेरी यावी.

"सॅबिना, तो आत बोलला गं. उद्या तो गेला की सगळं दिराच्या घशात."

"अगं, नवरा धडधाकट आहे. कशाला जिवाला घोर?"

"धडधाकट तर तो बैलही होता. खाटकानं नेलाच ना?"

पाद्रीला तिनं दरवर्षी विचारलं. एकदा लागलेलं लग्न पुन्हा लागत नाही बाई, एवढंच तो सांगायचा.

अकराव्या वर्षी ईस्टरच्या आधी हॅमोच्या थुंकीत रक्त आलं. त्याचा भाऊ ड्रू दुसऱ्याच दिवशी मापाची काठी घेऊन हजर. भाऊ जिवंत असताना यानं शेत मोजलं, मग घर मोजलं.

"वहिनी, पिंपं झकास आहेत. जाताना तेवढी धुऊन ठेवा हं," असं म्हणाला मेला. माझा हात शिवशिवला.

रविवारी तिनं हॅमोला हातगाडीवर घातलं. मी मागून ढकलत होते.

"अगं, कुठं नेतेस मला?"

"लग्नाला. गप पडून राहा."

प्रार्थना आटोपून गाव बाहेर पडत होतं. आमिस दारात उभी राहिली.

"पाद्रीबाबा, आमचं लग्न झालंच नाही. त्या गोंधळात मी 'हो' म्हटलंच नव्हतं. बाईच्या होकाराशिवाय लग्न नाही, हे तुम्हीच सांगता."

"अकरा वर्षं नांदलीस की, भवाने!" ड्रू ओरडला. वहिनी वगैरे सगळं विसरला.

"पाप केलं. शिक्षा द्या आणि लग्न लावा. आत्ता."

पाद्री माझ्याकडे वळला. "सॅबिना, तू हिला खेटून उभी होतीस. ऐकलंस काही?"

मी ऐकलं होतं. स्वच्छ, खणखणीत. चर्चच्या दारात खोटं बोलायचं म्हणजे काय, ते मला ठाऊक होतं.

"नाही, पाद्रीबाबा. बैल डुरकत होता."

मग तिची शिक्षा सुरू झाली. केस मोकळे, अंगात नुसता पांढरा सदरा, अनवाणी, हातात मेणबत्ती, चर्चभोवती तीन फेऱ्या. प्रत्येक कोपऱ्यावर पाठीत एक छडी. तिची दारू पिऊन गुबगुबीत झालेल्या बाया तिला रखेल म्हणाल्या. मी तिच्याकडे बघत नव्हते. माझे डोळे हॅमोच्या छातीवर होते. तिसऱ्या फेरीत छातीची हालचाल दोनदा थांबली. आणि तो पाद्री सावकाश चालत होता! त्या वेळी मनात मी त्याला जे बोलले, त्याची कबुली अजून दिलेली नाही.

ती आली. तळवे फुटले होते. मी हॅमोला काखेत हात घालून उठवलं, उंबऱ्याबाहेर उभं केलं.

"घर," तो म्हणाला. धाप लागली. "शेत." ड्रू पुढं सरकला, तशी मी गाडी त्याच्या पायात घातली. "पिंपं. सगळी."

पाद्रीनं आमिसला विचारलं.

"हो," ती म्हणाली.

अकरा वर्षांपूर्वी, बैल डुरकत असताना, अगदी असंच म्हणाली होती.