आठव्या मजल्यावरची ढाल

माझ्या शेजारच्या प्यो गुम-रान बाईंना आमच्या सोसायटीकडून लागोपाठ दोन वर्षं ‘सर्वांत कमी ओला कचरा’ म्हणून काचेची ढाल मिळाली होती. ती त्यांनी चपलांच्या कपाटावर ठेवली होती. दार उघडलं की आधी ढाल दिसे, मग बाई. तिसऱ्या वर्षीही मिळाली तर ती कायमची त्यांचीच होणार होती, आणि बाईंना दुसरं काही सुचत नव्हतं.

खाली आवारात ओल्या कचऱ्याचं यंत्र आहे. आपल्या घराचं कार्ड लावलं की झाकण उघडतं, कचरा ओतला की वजन दिसतं. महिनाअखेरीस घरोघरची वजनं लिफ्टमध्ये लागतात. तेव्हापासून आमच्या लिफ्टमध्ये आरशात कुणी पाहत नाही.

बाई कचरा करीत नसत, हे खरं. त्या उरलेलं सगळं डब्यांत भरून आम्हांला वाटत.

“मावशी, मुळा आणलाय. टाकवत नाही हो मला. पृथ्वीचा जीव घुसमटतो.”

मंगळवारी मुळा, गुरुवारी कमळकाकडी, शनिवारी सुकी मासळी. त्यांचं वजन उतरत गेलं, आमचं चढत गेलं. पृथ्वीनं कुणाच्या कार्डावर घुसमटायचं, एवढाच प्रश्न होता.

पण आमच्याकडे शेजारणीचा डबा रिकामा परत करीत नाहीत. मी ननांच्या शाळेत शिकले, तिथे पापांची मोठी यादी होती. त्यात हे नव्हतं, पण आईच्या यादीत ते पहिलं होतं. त्यामुळे बाईंचा प्रत्येक डबा भरून परत जाई. त्यात नोव्हेंबरात घरोघरी वर्षाची किमची, म्हणजे कोबीचं आंबवलेलं लोणचं, घातली गेली, आणि बावीस घरांतून बाईंकडे बावीस डबे आले. बाईंनी त्यासाठी दुसरा फ्रीज घेतला. वीज कमी खाणारा, असं त्यांनी प्रत्येकीला थांबवून सांगितलं. त्यांचे यजमान तेव्हापासून कचेरीतच जेवून येऊ लागले.

वीस डिसेंबरला सकाळी बाई भरलेली बादली घेऊन माझ्या दारात उभ्या. किमची फुगून डब्यांची झाकणं उडू लागली होती.

“मावशी, तुमचं कार्ड द्या ना जरा. तुमचं एकटीचं वजन ते किती! कुणाला कळणारही नाही.”

“मला कळेल की.”

“चिमूटभर तर आहे.”

मी बादलीकडे पाहिलं. “चिमूट कुणाची, हत्तीची?”

कार्ड मी दिलं नाही. बादलीची कडी मात्र एका बाजूनं धरली आणि त्यांच्याबरोबर खाली गेले. यंत्रापाशी पाचव्या मजल्यावरची हा-योंगची आई होती, तिच्यामागे बे काकू. दोघी बाजूला सरकल्या. बाईंनी स्वतःचं कार्ड लावलं आणि बादली कलती केली.

“अगं बाई, ही तर माझी मासळी!” हा-योंगची आई ओणवी झाली. “तीळसुद्धा तसेच आहेत! तोंड तरी लावलंत का, ताई?”

“आणि हा माझा मुळा,” बे काकू म्हणाल्या. “परवा तर म्हणालात, एका बैठकीत संपला.”

“ही कमळकाकडी कुणाची?” बाईंनी घाईघाईनं विषय बदलला.

“तुमचीच,” बे काकू म्हणाल्या. “तुम्ही मला दिलीत. मी हिला दिली.”

“मी मावशींना दिली,” हा-योंगची आई म्हणाली.

सगळ्या माझ्याकडे पाहू लागल्या.

“मी तुमच्या डब्यात भरून तुम्हांलाच परत दिली,” मी कबूल केलं. “तुम्ही म्हणालात, मावशी, काय चव आहे तुमच्या हाताला.”

यंत्रावर आकडा आला: चौदा किलो दोनशे. बाई फुलझाडांच्या कठड्यावर मटकन बसल्या.

“गेली ढाल,” त्या म्हणाल्या.

“जाऊ दे की,” हा-योंगची आई म्हणाली. “आता निदान पोटापुरतं रांधाल.”

बे काकूंना हसू आवरेना, मग मलाही. बाई आधी रडल्या, मग नाक पुसून आमच्यात सामील झाल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझी घंटा वाजवली. दोन्ही हातांत माझा डबा होता, घासूनपुसून कोरडा केलेला. कान लाल झाले होते.

“मावशी, रिकामाच आणलाय.”

आईनं दार लावून घेतलं असतं. मी तो दोन्ही हातांनी घेतला आणि त्यांना आत बोलावलं.