कमानीखाली

आज भिंतीला चुना लावताना त्या ओल्या वासाने मी सूर्या नदीवरच्या जुन्या दगडी पुलापाशी पोचले. तारापूरला वीजकेंद्र उभं राहत होतं. त्याचं पहिलं अवजड यंत्र पुलावरून जायचं होतं. पुलाची डागडुजी आमच्या ह्यांनी केलेली. ट्रेलर पुलावर चढला तसे हे, ज्याचं काम त्याने पहिल्या भाराखाली उभं राहायचं या मिस्त्र्यांच्या रीतीप्रमाणे, कमानीखाली जाऊन उभे राहिले.

दगड करकरले, चुना भुरभुरला. मी डोळे मिटले. शेजारी उभ्या असलेल्या दांडी गावच्या मासेवालीने माझा हात आवळला. “बाय, बघ, उभा हाय तुजा घो.”

ट्रेलर पलीकडे गेल्यावर हे चुन्याने पांढरेफटक होऊन वर आले. “काही झालं असतं तर?” मी ओरडले.

“ड्रायव्हर माझ्या भरवशावर गेला. मी काठावर उभा राहू?”

रागाने मी आठ दिवस बोलले नाही. आता हे नाहीत. ते आठ दिवस मला परत हवेत.