पुढचा टप्पा

लातूरला कला व्यवस्थापनाचं प्रशिक्षण होतं. नांदेडची आमची नाटकमंडळी मोडायच्या बेतात होती. ती सावरायची काही युक्ती मिळेल म्हणून मी गेलो. शेजारी पन्नाशीचे एक गृहस्थ बसले होते. पुण्याहून आलेल्या तज्ज्ञ बाई ‘सांस्कृतिक धोरण’ म्हणाल्या, की हे डोळे मिटून अशी मान डोलवत, जणू बाईंनी तानच घेतली.

चहाच्या वेळी कळलं, त्यांनी अशी शिबिरं पार दिल्लीपर्यंत केली होती.

“मग नाटकं किती बसवली?” मी विचारलं.

“नाटक? अवो, शिकण्यातून सवड कुठं मिळून राहिली?”

दुपारी मी बाईंना विचारलं, “आमच्याकडची चांगली पोरं पुण्याला निघून जातात. मंडळी टिकवायची कशी?”

“छान प्रश्न! तो पुढच्या टप्प्यात येतो.”

गृहस्थ माझ्या कानाशी वाकले. “म्या केलाय तो टप्पा. तिथंबी न्हाई सांगत.”

मला हसू आलं आणि मी वही मिटली.

संध्याकाळी बाईंनी विचारलं, पुढच्या टप्प्याला कोण कोण येणार? गृहस्थांचा हात सगळ्यांत आधी वर गेला. त्यांच्याकडे बघत बघत मीही माझा वर केला.