गाडीचा उंबरठा

हिंगणघाटला आमच्या घराजवळ गॅरेज चालवणारे भाऊ गाडीशी बोलत बोलत काम करतात. ज्या सरांमुळे मी पदवीधर झालो, त्यांचे पाय आता नीट उचलले जात नाहीत. स्वतःच्या जुन्या स्पोर्ट्स कारमध्ये बसताना त्यांच्या बुटाने दाराखालचा रंग खरवडतो. म्हणून भाऊंनी तिथे नक्षीदार स्टीलची पट्टी बसवली. "हलू नको माय," असं गाडीला बजावत ती सरळ चिकटवली आणि वर हळदीकुंकू लावलं.

सर बसायला निघाले तसे भाऊ आडवे आले. "काऊन सर, उंबरठ्यावर पाय देता?"

"अरे बापा, पाय द्यायलाच तर लावली ना पट्टी?"

भाऊंनी थोडा विचार केला आणि खांद्यावरचा दुपट्टा पट्टीवर अंथरला. "आता या."

तो दुपट्टा गाडीतच राहिला. पट्टीवर अजून ओरखडा नाही. भाऊंचा खांदा मात्र तेव्हापासून मोकळाच दिसतो.