साडूंचा वरचा टप्पा

जगातला कुठलाही विषय रॉकेटच्या वरच्या टप्प्यापर्यंत ओढत नेता येतो, हे सिद्ध करण्यासाठीच माझ्या साडूंचा जन्म झाला असावा. बँकेतून निवृत्त झाल्यावर माणसं गुडघे सांभाळतात, फार तर सकाळी बागेत जाऊन मोठमोठ्याने हसतात. यांनी मोबाइलवर रॉकेटं बघायला घेतली आणि आमच्या डोक्याचा भुगा केला. भाजी महागली म्हणा, जावई रुसला म्हणा, "तसंच आहे ते," म्हणून हे सुरू. खालचा टप्पा थोडं वर जाऊन सुटतो, त्याला परत आणता येतं. वरचा सेकंदाला सात-आठ किलोमीटर पळत असतो, त्याला आणायचं कसं?

एकदा आमच्या द्वारका चौकातल्या सिग्नलला हे माझ्या स्कूटरवर मागे बसलेले. दिवा हिरवा झाला तरी माझा खांदा सोडेनात. "थांबा, उतरताना हवेमुळे तो किती तापतो, ते राहिलंच!" मागचा रिक्षावाला ओरडला, "ओ काका, रॉकेट मंग उडवा, आधी स्कूटर हलवा! लय गाड्या हायेत मागं!" साडू वळून त्यालाच समजावू लागले. माझ्या नातवाच्या बारशाला तर त्यांनी जेवणाचा तीन कप्प्यांचा डबा रॉकेट म्हणून उचलला आणि खालचा कप्पा अलगद उतरवून दाखवताना आमटी सतरंजीवर सांडली. सतरंजी माझी होती. "लँडिंग जमलं होतं," ते म्हणाले, "आमटीच पातळ होती."

त्यांच्या एकुलत्या मुलीची जर्मनीतली नोकरी ठरली, तेव्हापासून तर त्यांना ऊतच आला. ती परत कधी येणार, हे ठरलेलं नव्हतं आणि घरात कुणी विचारतही नव्हतं. बॅग भरायला आम्ही नवराबायको गेलो. काट्याला टांगली तर वजन जास्त. साडू खुलले. "बघा! वरच्या टप्प्यावर परतीची सोय बसवायची, तर तेवढा माल कमी करावा लागतो!" म्हणत त्यांनी लाडू काढले, मग मेतकूट.

"बाबा, मेतकूट तरी राहू द्या ना," पोरगी रडवेली झाली.

माझा संयम संपला. "अहो, मुलगी चाललीय तुमची! आज तरी ते रॉकेट बाजूला ठेवा!"

त्यांनी हातातलं मेतकूट परत आत ठेवलं. मग खिशातून घराची किल्ली काढून बॅगेच्या कोपऱ्यात सरकवली.

"तिकडे ही काय कामाची, बाबा?"

"परतीची सोय इथूनच बांधून न्यावी लागते," ते म्हणाले. "वर गेल्यावर नाही देता येत." आणि बॅग पुन्हा काट्याला टांगून, आमच्याकडे पाठ करून, आकडा बघत राहिले. इतके दिवस हा माणूस कुणाच्या काळजीने बोलत होता, ते मला तेव्हा कळलं आणि फार वाईट वाटलं.

हल्ली ते स्कूटरवर गप्प बसतात. द्वारकेचा सिग्नल लागला की मलाच करमत नाही.

"काय हो साडूभाऊ, वरच्या टप्प्याचं कुठवर आलं?"

"प्रयत्न चालू आहेत," ते म्हणतात आणि माझा खांदा घट्ट धरतात.